चार नंबरच्या मुठी

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांचं एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात गेल्या जुलैपासून दोन टेनिस बॉल आहेत. त्यांचा पोपटी रंग आता फक्त शिवणीच्या कडेला उरलाय, बाकी सगळं तांबूस, मातकट. जिथे बोटं बसायची तिथली लव पार झिजून गेली आहे. बॉल हातात घेतला की माझ्या बोटांना त्या जागा आपोआप सापडतात, पण माझी मूठ तेवढी मोठी नाही. ती मूठ चार नंबरची.

चार नंबर म्हणजे आमच्या मुलींच्या फुटबॉल संघाची स्टॉपर, मधली बचावपटू. मुलींची नावं मी इथे लिहिणार नाही. तशीही मैदानावर त्यांना नावाने कोणी हाक मारत नव्हतं. आमच्या प्रशिक्षक सरांनी पहिल्याच आठवड्यात जर्सी वाटल्या आणि तेव्हापासून ‘सात, मागे ये’, ‘दहा, बघून दे’ एवढंच कानावर पडायचं. मीही तेच शिकले.

गोष्ट २०२५च्या पावसाळ्याची. त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन बसला होता. हवामान खात्याच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. त्यामुळे कॉलेज उघडलं तेव्हा मैदानं आधीच भिजून चिंब झाली होती. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, यंदा मुलींचा फुटबॉल संघ विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरवायचा आहे, मुली बाहेर जाणार म्हणजे सोबत महिला कर्मचारी लागेल, तुम्ही जाल का? मी हो म्हटलं. नेरुळातच राहते, पहाटे उठायची सवय आहे, एवढाच विचार त्यामागे होता. पुढचे तीन महिने माझे दिवस त्या एका ‘हो’भोवती फिरणार आहेत याची तेव्हा कल्पना नव्हती.

पहिल्या दिवशी सतरा मुली आल्या. त्यांतल्या चौघींनीच आधी फुटबॉल खेळलेला. बाकीच्या कबड्डीच्या, खो-खोच्या, दोघी ॲथलेटिक्समधल्या, आणि एक अशी की तिने आयुष्यात कुठलाच खेळ खेळलेला नव्हता, फक्त घरी बसून सामने पाहिलेले. सर सगळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘पळता येतं ना सगळ्यांना? मग झालं.’

सर एके काळी कंपनीकडून खेळलेले. मुंबईचा फुटबॉल बराच काळ कंपन्यांच्या जिवावर चालला. टाटा, मफतलाल, ऑर्के, आरसीएफ, महिंद्रा, एअर इंडिया ही त्यांच्या तोंडची नावं. पोरगा चांगला खेळला की नोकरी लागायची, घर चालायचं. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप हा फुटबॉलचा चषक त्यांनी मुंबईच्या कूपरेज मैदानावर बसून पाहिलेला आहे. तो बंद पडला, २०१० साली महिंद्राने आपला संघ बंद केला, आणि खेळावर घर चालवण्याची ती वाट बारीक होत गेली. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. पण सांगून झालं की ते शिट्टी तोंडात धरायचे आणि थोडा वेळ फुंकायचेच नाहीत.

सराव सकाळी सव्वासहाला. मैदान सार्वजनिक, म्हणजे सगळ्यांचं. एका कडेला चालणारे ज्येष्ठ, दुसऱ्या कडेला क्रिकेटवाले, मधल्या पट्ट्यात आम्ही. आणि पावसाळ्यात त्या मधल्या पट्ट्यातच पाणी साचायचं. नवी मुंबई ज्यांनी वसताना पाहिली त्यांना याचं नवल वाटणार नाही. १९७० साली सिडको आली, आणि पुढे खाडीकाठच्या दलदलीवर भराव टाकून शहर उभं राहिलं. पुराचं पाणी आवरायला डच पद्धतीचे धारण तलाव केले. भरती आली की तलावांची दारं मिटतात, पावसाचं पाणी आत साठून राहतं, ओहोटी लागली की दारं उघडून ते खाडीत जातं. म्हणजे नेरुळच्या सखल भागात पाणी कधी उतरेल हे आभाळाइतकंच खाडीवर अवलंबून.

हे मला आमच्या गोलकीपरकडून कळलं. ती करावे गावची, घर कोळ्यांचं. एका सकाळी गुडघाभर पाण्याकडे बघत मी म्हटलं, थांबू या का तासभर? तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, ‘आज द्वादशी ना मॅडम? बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती. दुपारपर्यंत हे पाणी हलत नाही.’ तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशेब तिला आजोबांनी शिकवलेला. त्या दिवसापासून सरावाचं वेळापत्रक आम्ही कालनिर्णय समोर ठेवून करू लागलो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे ओहोटी असते, तेव्हा सहाला मैदान खेळण्याजोगं मिळायचं. द्वादशी-त्रयोदशीला सर शेजारच्या सोसायटीच्या जिन्यावर चढउतार करून घ्यायचे. फुटबॉलच्या कुठल्या पुस्तकात हे सापडेल? आमच्या ग्रंथालयातल्या तरी नाही, मी शोधलं.

कीपरची उंची पाच फूट एक इंच. तिच्या मागचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, म्हणजे चोवीस फूट बाय आठ फूट. पहिल्या दिवशी आडव्या दांड्याखाली उभी राहून तिने उडी मारली तेव्हा बोटं दांड्यापासून बरीच खाली राहिली. ती मागे वळून दांड्याकडे बघत राहिली, जसं कोणी नव्या घरातल्या उंच माळ्याकडे बघतं. मग रोज सराव संपल्यावर एकटीच उड्या मारायची. ऑगस्टअखेर बोटं लागत नव्हतीच, पण कमी उंचीच्या कीपरने पुढे येऊन उभं राहायचं, म्हणजे मारणारीला गोल लहान दिसतो, हे तिला उमगलं होतं. 

तिचे ग्लोव्हज कॉलेजने दिलेले. ती ते जिवापाड जपायची. सराव झाला की नळाखाली हलक्या हाताने चिखल काढायची, पिळायची नाही, उन्हात टाकायची नाही, कारण तळव्याचा फोम उन्हाने कडक होऊन तडकतो. सावलीत, पंख्याखाली. ग्रंथालयाच्या वाचनकक्षातल्या कोपऱ्यातल्या पंख्याखाली ते सुकत असायचे आणि खेळायच्या आधी ती ते पुन्हा ओले करायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, कोरड्या तळव्याला बॉल चिकटत नाही. बॉल छातीशी घेण्याआधी तिचे दोन्ही अंगठे एकमेकांना असे टेकायचे की मागून पाहिलं तर हातांची फुलपाखरं झाल्यासारखी दिसत. 

आणि चार नंबर. राहायला कोपरखैरण्याला, माथाडींच्या वस्तीत. वडील वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटमध्ये. गाव पाटणकडचं. लहानपणापासून कबड्डी, तीही डावा कोपरा. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरायचा हे तिच्या हाताला इतकं ठाऊक की डोक्याला विचारायची गरज पडत नाही. सरांनी तिला स्टॉपर केली कारण ती घाबरत नव्हती. समोरून कितीही जोरात कोणी आलं तरी ती जागची हलायची नाही. पण समोरची मुलगी बगलेतून निसटू लागली की तिचे हात आपोआप पुढे व्हायचे. जर्सी, दंड, कंबर, जे हाती लागेल ते.

जुलैच्या मध्यावर वाशीच्या एका क्लबच्या मुलींशी मैत्रीपूर्ण सामना झाला. आम्ही पाच गोलांनी हरलो. त्यांतले दोन पेनल्टीवर, दोन्ही वेळा चार नंबरने डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, मुलीला चक्क मिठी मारलेली. दुसऱ्या वेळी तर ती तिला घेऊन खालीच बसली, जशी पकड करून बसतात. मैदानाबाहेरचे लोक हसले. ती हसली नाही. सामना संपल्यावर दोन्ही हात मागे बांधून उभी होती, आणि मला शाळेत शिक्षा झालेल्या लहान मुलीसारखी वाटली. 

दुसऱ्या दिवशी सरांनी क्रिकेटवाल्या पोरांकडून दोन जुने टेनिस बॉल मागून आणले आणि तिच्या दोन्ही हातांत दिले. ‘हे पडता कामा नयेत. काय करायचं ते पायाने आणि खांद्याने कर.’ तेव्हापासून ती तशीच खेळायची. पळताना, वळताना, हेडर मारताना, दोन्ही मुठी मिटलेल्या. पहिल्या आठवड्यात बॉल सारखे पडायचे. समोरची निसटली की मूठ उघडलीच, बॉल चिखलात. ती वाकून उचलायची, शॉर्ट्सला पुसायची, पुन्हा मूठ. मी कडेला उभी राहून मोजायची. एका सकाळी बावीस वेळा, मग चौदा वेळा, मग सहा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस असा आला की एकदाही नाही. तिला मी ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मोजत होतात होय तुम्ही?’ आणि एकदम लाजली. घरी नेले तर भाऊ क्रिकेट खेळायला घेईल म्हणून ती ते बॉल माझ्याकडे ठेवायची. म्हणून ते कपाट.

मधल्या काळात एक गोष्ट घडली ती सांगायलाच हवी. ५ जुलैला थायलंडच्या चिआंग माईत भारताच्या महिला संघाने थायलंडला २-१ हरवलं आणि २०२६च्या आशिया चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून, जिंकून भारतीय महिलांनी मिळवलेलं ते पहिलंच तिकीट. सोमवारी सरावाला आल्या तेव्हा दहा नंबर ते दोन्ही गोल पाण्यात छपछप करत सगळ्यांना करून दाखवत होती. याच स्पर्धेची मागची आवृत्ती २०२२च्या जानेवारीत आपल्याकडे झाली होती, आणि संघात कोविड शिरल्याने २३ जानेवारीला भारताला मैदानात उतरताच आलं नाही. इराणशी एक बरोबरी, आणि स्पर्धा संपली. तो सामना व्हायचा होता तो इथेच, आमच्या नेरुळात, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. दहा नंबर तेव्हा शाळेत होती. 

त्या स्टेडियमबद्दल मला वेगळंच काही वाटतं. आमच्या मैदानापासून ते रिक्षाने दहा मिनिटांवर. २०२२ ते २०२५ या चार वर्षांत तिथे महिलांच्या तीन मोठ्या अंतिम लढती झाल्या. ६ फेब्रुवारी २०२२ला चीनने मध्यंतराला दोन गोलांनी मागे असताना दक्षिण कोरियाला ३-२ हरवून आशिया चषक नेला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात स्पेनने कोलंबियाला एका गोलने हरवलं, तोही कोलंबियाच्या बचावपटूकडून स्वतःच्याच जाळ्यात गेलेला, ८२व्या मिनिटाला. दहा नंबर तो सामना बघायला गेली होती. ‘सगळे नाचत होते मॅडम, मी त्या मुलीकडेच बघत होते,’ असं ती म्हणाली होती. आणि २ नोव्हेंबर २०२५ला क्रिकेटचा विश्वचषक. त्या रात्री बाराच्या सुमाराला आमच्या इमारतीच्या गच्चीपर्यंत आवाज आला होता.

आणि त्याच नेरुळात, आमच्या मैदानावर, मुलींना चिखलाचे कपडे बदलायला आडोसा नव्हता. नळ एक, तोही कधी चालू कधी बंद. सकाळी सराव करून नऊच्या लेक्चरला बसायचं तर कुठे बदलायचं? मी ग्रंथालयाची मागची खोली उघडून द्यायला लागले. रॅकच्या मध्ये जुनी चादर बांधली. तीन महिने ती खोली ओल्या मोज्यांच्या आणि व्हिक्सच्या वासाने भरलेली होती आणि मला तो वास अजून आठवतो, पुस्तकांच्या वासात मिसळलेला. हजारो लोकांच्या समोर मुलींचा खेळ चालतो याचा मला अभिमान आहे, मनापासून आहे. पण मुलगी स्टेडियममध्ये पोचते ती अशाच एखाद्या मैदानावरून. तिथे एक खोली आणि एक नळ असायला हवा, आणि हे मी भेटेल त्याला सांगत राहणार आहे.

फॉर्म भरण्याचं काम माझ्याकडे आलं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मागच्या वर्षाचा निकाल, फोटो, शिक्के, सह्या. एका मुलीचं दहावीचं प्रमाणपत्र घर बदलताना हरवलेलं, तिच्यासाठी चार दिवस धावाधाव. शेवटी पंधरा फॉर्म पूर्ण झाले. सतरांतली एक लग्न ठरल्यामुळे गेली, एकीला सकाळची नोकरी लागली. दोघींनीही जर्सी धुऊन, इस्त्री करून परत आणून दिली. 

ड्रॉ लागला. बाद फेरी. म्हणजे हरलात की घरी. पहिला सामना ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात होता, पण १८ आणि १९ तारखेला जो पाऊस कोसळला त्यात कॉलेजं बंद झाली, हार्बर लाइन थांबली, सामना पुढे गेला. मग गणपती आले. मुली गावी गेल्या, मोदक खाऊन आल्या, सरांनी पहिल्या दिवशी पंधरा फेऱ्या मारायला लावल्या. सप्टेंबरात अखेर तारीख मिळाली.

पहिला सामना नवी मुंबईतच झाला. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन डाव ठरलेले. आम्ही आधी गोल खाल्ला. मध्यंतरानंतर सात नंबरने, जी मूळची खो-खोची, विंगवरून अशी काही नागमोडी धाव घेतली की समोरच्या दोघी एकमेकींवर आदळल्या. तिने बॉल आत टाकला, दहा नंबरने पाय लावला. १-१. टायब्रेकरला, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी किकना, कीपरने दोन अडवले. तिने प्रत्येक किकच्या आधी ग्लोव्हजवर पाण्याची बाटली थोडी ओतली, अंगठे टेकवले, एक पाय रेषेवर ठेवला. दुसरा अडवल्यावर ती उठलीच नाही, पोटाशी बॉल घेऊन चिखलात तशीच पडून राहिली आणि बाकीच्या सगळ्या तिच्या अंगावर. मी किती ओरडले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी घसा बसला होता.

दुसरा सामना चार दिवसांनी, मुंबईत. नेरुळहून कुर्ला, पुढे बस. बॉलचं जाळं, प्रथमोपचाराची पेटी, इलेक्ट्रॉलची पाकिटं, केळी. समोरचा संघ आमच्याहून कितीतरी तयार. तरी त्रेचाळीस मिनिटं त्यांना गोल करता आला नाही. चार नंबर त्या दिवशी भिंतीसारखी उभी होती. हातात टेनिस बॉल अर्थातच नव्हते, पण मुठी मिटलेल्या. मी कडेवरून बघत होते, पहिल्या मिनिटापासून एकदाही त्या उघडल्या नाहीत.

चव्वेचाळिसाव्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला. सगळ्या पुढे गेल्या, मागे मधल्या रेषेपाशी एकटी चार नंबर. कॉर्नर त्यांच्या बचावाने लांब मारून काढला आणि बॉल त्यांच्या नऊ नंबरपाशी पडला. नऊ नंबरने चार नंबरच्या डाव्या बाजूने बॉल पुढे ढकलला आणि स्वतः उजवीकडून सुटली. चार नंबर वळली. दोघी खांद्याला खांदा लावून पळत होत्या, पाऊस होता, आणि मी त्या दोघींच्या जवळजवळ समांतर कडेवरून पळत होते, माझ्या नकळत. डी अजून बरीच पुढे होती. नऊ नंबरची जर्सी वाऱ्याने फुगून चार नंबरच्या मनगटाला घासत होती. मनगटाला घासत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. हात उघडला असता तर ती जर्सी आपसूक त्यात आली असती. हात उघडला नाही. चार नंबरने खांदा लावला, नऊ नंबर डगमगली, सावरली, अर्ध्या पावलाने पुढे गेली. मग एक पाऊल, मग दोन. कीपर पुढे आली होती, गोल लहान केला होता, डावीकडे झेपावली, बोटं लागली. ओला बॉल बोटांना लागून, खांबाच्या आतल्या अंगाला घासून आत गेला.

उरलेली सहा मिनिटं गेली. ०-१.

परतताना गाडीत कोणी बोलत नव्हतं. कीपर खिडकीला डोकं टेकून झोपली होती, ग्लोव्हज बॅगेच्या पट्ट्याला लटकवलेले. मानखुर्द गेलं, गाडी खाडीपुलावर आली, बाहेर काळं पाणी आणि लांबवर वाशीचे दिवे. चार नंबर माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, ‘मॅडम, धरायला हवं होतं का?’

मला उत्तर आलं नाही. तिचा हात हातात घेतला. तळव्यावर नखांच्या चार-चार खुणा होत्या, दोन्ही हातांवर.

सरांना मी दुसऱ्या दिवशी विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘हिशेबाने बघितलं तर धरायला हवं होतं. डीच्या बाहेर होती. शेवटची बचावपटू, म्हणजे लाल कार्ड मिळालं असतं, ती बाहेर गेली असती, फ्री किक झाली असती. आपण दहा जणी सहा मिनिटं काढली असती. टायब्रेकरला आपली कीपर होती.’ थांबले. ‘पण हे मी तिला सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका.’ 

मी सांगितलं नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. माझा भाचा अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकतो. तिथला फुटबॉल वेगळा, लांबट बॉलचा, हातात घेऊन पळायचा. त्यांच्या कॉलेज संघाचा मोसम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत बारा सामने, बहुतेक दर शनिवारी. ॲन आर्बरचं त्यांचं स्टेडियम एक लाख सात हजारांहून जास्त माणसांचं. त्या आठवड्यात त्याचा फोन आला तेव्हा मी आमची हार सांगितली. तो म्हणाला, ‘मग पुढची मॅच कधी, मावशी?’ 

त्याचा प्रश्न साधा होता. पुढची मॅच नव्हती. जून ते सप्टेंबर, पहाटेचे साठ-पासष्ट सराव, आणि सामने दोन. शंभर मिनिटं आणि एक टायब्रेकर. एक लाख माणसं मला नकोत, मोठं स्टेडियमही नको. मला हवे होते पुढचे चार शनिवार. बाद फेरीत जो संघ आधीच चांगला आहे त्याला सामने मिळत जातात, आणि जो शिकतोय तो पहिल्या-दुसऱ्या दिवशी घरी जातो. ज्या मुलींनी जूनमध्ये पहिल्यांदा बॉलला पाय लावला त्यांना पाच-सहा सामन्यांची गरज होती, मग सगळे हरल्या असत्या तरी चाललं असतं. मुलींसाठी तरी ही स्पर्धा साखळी पद्धतीने व्हावी, जवळजवळच्या पाच-सहा कॉलेजांचा गट करून, नेरुळ-बेलापूर-वाशी-पनवेल असा. प्रवास कमी, खर्च कमी, सामने जास्त. मी तसं पत्र लिहून दिलं आहे. मैदानं कमी आहेत, पंच कमी आहेत, परीक्षा तोंडावर असतात, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी हे शक्य आहे असं मला वाटतं.

कारण चार नंबरच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊन उपयोग नव्हता आणि सरांनी देऊनही नव्हता. पुढच्या शनिवारी दुसरी कुठली तरी नऊ नंबर तिच्या बगलेतून निसटली असती आणि तिने धरलं असतं किंवा धरलं नसतं. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या वेळी तिच्या हातांना कळलं असतं, कधी उघडायचं आणि कधी नाही. 

डिसेंबरात तिची कबड्डीची स्पर्धा होती. मला कोणी सोबत जायला सांगितलं नव्हतं, मी सुटी टाकून गेले. कीपर आणि सात नंबरही आल्या होत्या. मॅटवर ती डाव्या कोपऱ्यात उभी, पाठीवर तिथेही चारच आकडा. पहिली चढाई आली. समोरची मुलगी तिच्या कोपऱ्याकडे सरकली, पाय पुढे टाकला, घोटा तिच्यापासून वीतभर. चार नंबर वाकली, आणि तिच्या मुठी मिटलेल्या राहिल्या. एक क्षण. तेवढ्यात ती मुलगी बोनस घेऊन मधल्या रेषेपलीकडे गेलीसुद्धा. संघातल्या मुली तिच्याकडे वळून बघत होत्या. कीपरने माझा दंड धरला.

चार नंबरने दोन्ही तळवे मांडीवर घासले. बोटं ताणली, पुन्हा मिटली, पुन्हा ताणली. पंचांनी हात वर केला. त्यांच्या पुढच्या चढाईला तीच मुलगी पुन्हा आली, त्याच कोपऱ्यात, तेच पाऊल. या वेळी हात गेला. घोटा धरला, दोन्ही हातांनी, आणि ती तशीच मागे बसली, जशी जुलैमध्ये वाशीच्या मैदानावर बसली होती.